मुंबईत तोललेलं सोनं लंडनला जास्त भरतं का?

चौपाटीकर
मंडळी, एक शंका. भाचा यंदा दहावीला आहे. विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. ‘वस्तुमान सगळीकडे तेच, वजन जागेप्रमाणे बदलतं’ हे त्याने पाठ केलं आणि येऊन माझं डोकं खायला लागला. म्हणे मामा, विषुववृत्ताकडे g (म्हणजे गुरुत्वाच्या ओढीचा आकडा) कमी, ध्रुवांकडे जास्त. मग झवेरी बाजारात शंभर ग्रॅम सोनं घ्यायचं आणि लंडनला नेऊन विकायचं. तिकडे जास्त भरणार. बसल्या जागी फायदा!

मी कॉमर्सवाला. ‘असं काही नसतं रे’ म्हणून त्याला कटवलं, पण का नसतं ते मलाच सांगता येईना. आकडे काढून बघितले. मुंबईत g साधारण ९.७८६, लंडनला ९.८१२. फरक पाव टक्क्याच्या जरा वर. शंभर ग्रॅमला २७० मिलिग्रॅम. बटाट्यात कोणी विचारणार नाही, पण सोन्यात ही काय थट्टा आहे?

तर खरंच जास्त भरेल का? भरत असेल तर आजवर कोणी हा धंदा का केला नाही? आणि भरत नसेल तर पुस्तकातलं वाक्य खोटं का?

कटिंगवाला
भाच्याला म्हणावं तिकीट आणि कस्टम जमेस धर. २७० मिलिग्रॅम विमानतळावरच्या एका सामोशात जातील.

अनघा_पार्ले
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. या विषयावर शेवटी मारामारी होतेच.

खगोलवेडा
चौपाटीकर, भाच्याचं गणित बरोबर आहे. फक्त काटा कुठला ते त्याने सांगितलं नाही, आणि सगळी गोम तिथे आहे.

जुना दोन पारड्यांचा तराजू घ्या. एकीकडे सोनं, दुसरीकडे वजनं. लंडनला गुरुत्व पाव टक्का जास्त, पण ते दोन्ही पारड्यांना सारखंच जास्त. दांडी इथे सरळ होती तर तिथेही सरळच. चंद्रावर न्या, मंगळावर न्या, शंभर ग्रॅम सोन्यासमोर शंभरचंच वजन लागणार. म्हणजे हा तराजू वस्तुमान मोजतो.

स्प्रिंगचा किंवा इलेक्ट्रॉनिक काटा वेगळा. त्याच्यासमोर तुलनेला काहीच नसतं. वस्तू किती जोराने खाली दाबतेय एवढंच त्याला कळतं. म्हणजे बल, म्हणजे न्यूटन. त्या दाबाला एका ठरावीक आकड्याने भागून तो आपल्याला ग्रॅम दाखवतो, आणि तो आकडा आधीच त्याच्या पोटात भरलेला असतो. मुंबईत भरलेला आकडा घेऊन तो लंडनला गेला तर १००.२७ दाखवेल. चंद्रावर गेला (तिथे g १.६२) तर साडेसोळा दाखवेल. सोन्याचा कणही कमीजास्त झालेला नाही.

तेव्हा जास्त ‘भरेल’, पण फक्त मुंबईचा काटा सोबत नेला तर. लंडनचा सराफ स्वतःच्या काट्यावर तोलणार, आणि तो काटा तिथल्याच गुरुत्वावर लावलेला असणार.

कटिंगवाला
म्हणजे सोन्याबरोबर काटाही काखोटीला मारायचा आणि सराफाला सांगायचं, माझ्याच काट्यावर तोल. भाच्याला पोलीस कोठडीचा g पण बघता येईल.

परखड
हे सगळं पुस्तकी झालं. धंद्यात काय चालतं ते बोला. काटे बनतात कारखान्यात, तिथे धरतात ९.८०६६५. हा प्रमाण आकडा १९०१ साली ठरला, साधारण ४५ अंश अक्षांशाचा. आपण बसलोय १९ अंशावर. ९.७८६. म्हणजे मुंबईतला प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काटा किलोमागे दोन ग्रॅमने चुकतोय. सामान्य ग्राहकाच्या खिशाला रोज चाट आणि कोणाला पत्ता नाही. सगळे मिळून खातात.

अनुस्वार
परखडराव, समजा तुमचं खरं आहे. प्रमाण g वर लावलेला काटा मुंबईत आणला तर तो किलोला ९९८ ग्रॅमच दाखवेल. काटा कमी दाखवतोय म्हटल्यावर दुकानदार एक किलो दिसेपर्यंत आणखी घालणार. म्हणजे साखर तुम्हाला दोन ग्रॅम जास्तच मिळणार. चाट वाण्याच्या खिशाला.

परखड
आणि रद्दी विकताना?

अनुस्वार
तिथे मात्र तुम्ही गेलात. रद्दीवाल्याला दोन ग्रॅम फुकट.

वडापाव_फंडा
रद्दीवाल्याच्या हातातला तो लोंबता स्प्रिंगकाटा गुरुत्वाकर्षणाच्या कुठल्याच नियमात बसत नाही. आमच्याकडे वीस किलोची रद्दी अकरा किलो भरते. आमचा मजला चंद्रावर असावा.

तराजू
धागा वाचून राहवलं नाही. मशीद बंदरला काट्यांच्या दुरुस्तीचं आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. परवाना आहे. परखड यांचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण काम तसं चालत नाही.

इलेक्ट्रॉनिक काट्याचं पॅन काढलं की खाली ॲल्युमिनियमची एक कांडी दिसते, मधोमध भोकं पाडलेली. ती लोडसेल. पांढऱ्या सिलिकॉनखाली तिच्या अंगावर केसाएवढ्या तारांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. वर वजन पडलं की कांडी वाकते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पट्ट्या ताणल्या जातात आणि त्यांचा विजेचा रोध बदलतो. चार वायरी बाहेर येतात, त्यातून मिलिव्होल्टमध्ये सिग्नल येतो. या कांडीला किलो माहीत नाही, ग्रॅम माहीत नाही. ती वाकते, एवढंच.

आता ‘किलो म्हणजे किती वाकणं’ हे तिला कोण शिकवतं? आम्ही. काटा जिथे वापरायचा तिथे ठेवायचा, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा, थोडा वेळ चालू ठेवून तापू द्यायचा, मग पडताळलेलं वजन पॅनवर ठेवून सांगायचं, बाबा रे, याला पाच किलो म्हण. की झालं. त्या जागेचा g किती हे आम्हाला कधी विचारावंच लागत नाही, कारण तो त्या वाकण्यातच आला. कारखान्यात काहीही धरलेलं असो, ते इथे पुसलं जातं. मग वजनमापे निरीक्षकाची पडताळणी, शिक्का आणि सील. इलेक्ट्रॉनिक काट्याला हे दरवर्षी. सील तोडल्याशिवाय आतलं बदलता येत नाही, म्हणून काटा घेताना आकड्याआधी सील बघा.

आणि खरं सांगू का, g चा फरक भाजीच्या काट्यात पकडताही येत नाही. आमच्याकडे जे काटे येतात ते मासळीच्या मिठाच्या पाण्याने सडलेले, आत झुरळांनी घर केलेलं, नाहीतर टेबल वाकडं म्हणून चुकणारे. सराफाचा काटा मात्र वेगळं प्रकरण. तो काचेच्या पेटीत असतो, कारण पंख्याचा वारा लागला तरी शेवटचे आकडे नाचतात. त्याची वजनं आम्ही बोटांनी उचलत नाही, चिमट्याने उचलतो. असा काटा दिल्लीहून मुंबईला आणला आणि परत न लावता वापरला तर शंभर ग्रॅममागे पन्नास-पंचावन्न मिलिग्रॅम कमी दाखवेल. ते सराफाला लगेच कळतं.

चौपाटीकर
तराजू, मानलं तुम्हाला. म्हणजे दिल्लीतसुद्धा फरक पडतो?

तराजू
पडतो. दिल्लीला g ९.७९१ च्या आसपास. म्हणून भारी काट्यांमध्ये आतच एक छोटं वजन बसवलेलं असतं. बटण दाबलं की मोटर ते वजन खाली उतरवते आणि काटा स्वतःच स्वतःला लावून घेतो. जागा बदलली की पहिलं काम ते.

गुंजमासा
माझं वय ७८, गिरगावात जन्म. आमचे काका सोनारकाम करायचे. आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. हातातला छोटा काटा आणि डबीत लाल गुंजा. त्यात लोडसेल नाही, सील नाही, बुडबुडा नाही, पण खगोलवेडा म्हणतात त्याप्रमाणे तो काटा लंडनला काय, चंद्रावरही खोटं बोलला नसता. गुंजेचं वजन घटेल तर सोन्याचंही तितकंच घटेल.

अनघा_पार्ले
आजोबा, पण सगळ्या गुंजा सारख्या नसतील ना?

गुंजमासा
नसत ना! म्हणून तर भांडणं होत. काका गुंजा निवडून ठेवत. कुठल्या घ्यायच्या आणि कुठल्या द्यायच्या त्या वेगळ्या डब्या होत्या, असं काकू म्हणायची. काका ऐकू न आल्यासारखं करत.

सुरमईप्रेमी
आम्हाला या सगळ्याचं काही नाही. आमच्या बाजारातली कोळीण वाट्यावर देते. हा वाटा, एवढे पैसे, घ्यायचा तर घे. g वाढो नाहीतर घटो, मांदेली तेवढीच.

नेमकेपणा
खगोलवेडा, तुमच्या पहिल्या प्रतिसादात एक भोक आहे. दोन पारड्यांचा तराजू चंद्रावर तंतोतंत तेच सांगेल, हे सोन्याच्या बाबतीत चालून जाईल, सरसकट नाही.

गणपतीच्या मखराचा थर्माकोल घ्या, बंदी यायच्या आधीचा. मुंबईत एका पारड्यात थर्माकोल आणि दुसऱ्यात पितळेचं एक किलोचं वजन, दांडी सरळ. थर्माकोलचा घनमीटर साधारण वीस किलोचा, म्हणजे किलोभर थर्माकोल पन्नास लिटर जागा व्यापतो. तेवढी हवा तो बाजूला सारतो, आणि ती हवा त्याला साठेक ग्रॅमच्या जोराने वर ढकलत असते. पितळेला ढकलते ते नगण्य. म्हणजे त्या पारड्यात खरं वस्तुमान एक किलो साठ ग्रॅम आहे, फक्त हवेने ते लपवलंय. आता हाच तराजू चंद्रावर मांडा. तिथे हवा नाही. थर्माकोलचं पारडं खाली जाईल.

खगोलवेडा
हे बेस्ट आहे! म्हणजे ‘किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड’ या प्रश्नावर हसणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. तोल हवेत केला असेल तर कापूस खरंच जास्त आहे.

वडापाव_फंडा
मग माणसालाही हवा उचलते का?

नेमकेपणा
उचलते. सत्तर किलोचा माणूस म्हणजे साधारण सत्तर लिटर. हवा त्याला ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमने हलकं करते.

वडापाव_फंडा
बायकोला सांगून बघतो, काटा चुकीचा आहे. अरे पण मग खरं वजन आणखी जास्त निघतं! राहू दे.

स्नेहल_बाई
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. या धड्यावर दरवर्षी हमखास प्रश्न येतो, आणि मुलं दरवर्षी एकाच जागी अडकतात. ‘पृथ्वीवर ६० किलो वजनाच्या माणसाचं चंद्रावर वजन किती?’ उत्तर लिहितात १० किलो. आता ६० किलो हे त्याचं वस्तुमान, ते चंद्रावरही ६०च. वजन इथे ५८८ न्यूटन आणि तिथे ९७. मुलांना हे पाठ होतं, पटत नाही, कारण घरी, दवाखान्यात, स्टेशनवरच्या काट्यावर सगळीकडे वजन किलोतच.

मी हल्ली एक करते. वर्गात एक जड दप्तर दोरीने वर टांगते. एका मुलाला सांगते, हे हाताने खालून उचलून धर. ते वजन. मग म्हणते, आता हात काढ, दोरीला लटकलेलंच राहू दे, आणि आडवं ढकल. आता वजन दोरी पेलतेय, तुझ्या हातावर काहीच नाही, तरी पटकन हलत नाही. आणि एकदा झोका घ्यायला लागलं की पटकन थांबतही नाही. ते वस्तुमान. चंद्रावर पहिलं काम सहापट सोपं होईल, दुसरं जितकं अवघड तितकंच राहील. हे एकदा हाताला कळलं की तक्ता पाठ करावा लागत नाही.

गोदीकामगार
बाई, हे फार छान सांगितलंत. मी पंचवीस वर्षं गोदामात काढली, हातगाडीवर माल. सिमेंटची पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणं एक आणि भरलेली गाडी थांबवणं एक. नवीन पोरगा नेहमी दुसऱ्यात मार खातो. ढकलताना जोर लावून पळवतो आणि वळणावर गाडी त्यालाच घेऊन भिंतीवर जाते. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं अशीच गेली, गाडी आणि खांबाच्या मध्ये. चंद्रावर गोणी सव्वाआठ किलोची वाटेल म्हणता. पण चालती गाडी मध्ये हात घालून अडवली तर नखं तिथेही जातील ना?

स्नेहल_बाई
जातील काका. तितकीच. गाडीचं वस्तुमान आणि वेग तोच असेल तर बोटांवर बसणारा दणका तोच. उलट तिथे ती थांबवणं जास्त अवघड, कारण तुमचे पाय जमिनीला धरून राहणार नाहीत. घर्षण वजनावर अवलंबून असतं आणि ते एक षष्ठांश झालेलं.

खगोलवेडा
अपोलोच्या अंतराळवीरांना याचाच त्रास झाला. पोशाख आणि पाठीवरची यंत्रणा धरून माणूस दीडशे किलोच्या पुढे. वजन जाणवतं पंचवीस-तीस किलोचं, म्हणून उड्या मारत चालायला मजा. पण वळायचं किंवा थांबायचं म्हटलं की जडत्व दीडशे किलोचं आणि पायांची पकड पंचवीसची. पडतात ते म्हणून. आपल्या चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरल्यावर तो खाली आला तेव्हा त्याची चाकं चंद्राची माती दाबत होती ती जेमतेम सव्वाचार किलोच्या भाराने.

परखड
आणि अवकाशस्थानकात? तिथे तर गुरुत्वाकर्षण शून्य. तिथे वस्तुमान कसं मोजणार? तराजूही आडवा आणि स्प्रिंगही.

नेमकेपणा
तिथे गुरुत्वाकर्षण शून्य नाही. चारशे किलोमीटरवर g ८.७ आहे, इथल्या जवळजवळ ८९ टक्के. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत असतात, म्हणून कोणी कोणावर दाब देत नाही. काटाही पडतोय, माणूसही पडतोय. काटा शून्य दाखवणार.

परखड
बरं. पडू द्या. मोजतात कसं ते सांगा.

खगोलवेडा
हलवून मोजतात. माणसाला स्प्रिंग लावलेल्या आसनावर घट्ट बसवायचं आणि झुलू द्यायचं. वस्तुमान जास्त तर झोका सावकाश, कमी तर भरभर. झोक्याला लागणारा वेळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चौपट वस्तुमानाला दुप्पट वेळ. यात g कुठेच येत नाही. १९७३ साली स्कायलॅबवर अशी यंत्रं होती. राकेश शर्मा १९८४ ला सॅल्यूत-७ वर गेले आणि शुभांशू शुक्ला २०२५ ला आंतरराष्ट्रीय स्थानकात, दोघेही आपल्या बाथरूमच्या काट्यावर शून्य किलो भरले असते. स्नेहल बाईंचं लटकतं दप्तर आडवं ढकलताना हाताला जाणवतं तेही हेच वस्तुमान.

जहाजी_दादर
मर्चंट नेव्हीत होतो म्हणून भर घालतो. अवकाशात कशाला, समुद्रातच काट्याची वाट लागते. बोट लाटेच्या तळातून वर उचलली जाताना गॅलीतला, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातला, काटा जास्त दाखवतो, माथ्यावरून खाली वळताना कमी. भंडाऱ्याने पीठ तोलायला घेतलं की आकडा सारखा पळतोय. शेवटी तो वैतागून वाटीने मोजायचा. बोटीसाठी खास काटे येतात. त्यांच्या आत दुसरी लोडसेल आणि तिच्यावर कायमचं एक ठरलेलं वजन. बोट हलली की दोन्ही सेल सारख्याच फसतात, आणि यंत्र दोन्हींचा भागाकार काढून खरं वस्तुमान सांगतं. म्हणजे फिरून गुंजमासा आजोबांचा तराजूच, फक्त विजेवरचा.

लिफ्टमन_नाही
हे घरी करून बघता येतं. बाथरूमचा काटा लिफ्टमध्ये ठेवा आणि वर उभे राहा. आमच्या टॉवरची लिफ्ट जोरात सुटते. सत्तर किलोचा माणूस सुटताना क्षणभर सत्त्याहत्तरच्या आसपास जातो, वर पोचून थांबताना त्रेसष्टला येतो. मध्ये एकाच वेगाने जाताना सत्तरच. (काटा डिजिटल असेल तर आकडा गोठवतो, काटेवाला जुना घ्या.) वॉचमनने दोनदा विचारलं, साहेब, तब्येत ठीक आहे ना?

अनघा_पार्ले
मग कळसूबाईवर जाऊन वजन केलं तर कमी भरेल? डाएटपेक्षा बरं.

नेमकेपणा
भरेल. १६४६ मीटर चढून सत्तर किलोमागे चाळीस ग्रॅमसुद्धा नाही. चढताना घाम जाईल तो त्याच्या कितीतरी पट.

सुरमईप्रेमी
आणि पौर्णिमेला? चंद्र वर ओढतो म्हणतात.

नेमकेपणा
ओढतो. सत्तर किलोमागे सात-आठ मिलिग्रॅम. तुमच्या ताटातल्या मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी.

चौपाटीकर
भाच्याने सगळा धागा वाचला. त्याचा पुढचा प्रश्न: प्रत्येक काटा ‘पडताळलेल्या वजनावर’ लावतात, ते वजन त्याच्या वरच्या वजनावर, ते आणखी वरच्यावर. मग सगळ्यात वरचं वजन कशावर तोललं?

तराजू
भाचा हुशार आहे. आमच्यापर्यंत साखळी दिल्लीहून येते. तिथे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा किलो आहे, ५७ क्रमांकाचा. तो फ्रान्समधल्या मूळ किलोशी ताडलेला.

नेमकेपणा
आणि त्या मूळ किलोला २० मे २०१९ ला निवृत्ती मिळाली. आता किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावरून होते, धातूच्या गोळ्यावरून नाही. ती प्रत्यक्षात आणायचा एक मार्ग म्हणजे किबल तराजू. त्यात एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला विजेच्या वेटोळ्याचा जोर. गंमत अशी की इथे पुन्हा बलाचाच सामना आहे, म्हणून त्या खोलीतला g दशांश चिन्हानंतर सात-आठ आकड्यांपर्यंत मोजावा लागतो. शेजारी निर्वात नळीत एक आरसा पाडत राहतात आणि लेसरने त्याचं पडणं मोजतात. जगातलं सगळ्यात नेमकं वस्तुमान काढायला आधी तिथलं गुरुत्व काढावं लागतं.

चौपाटीकर
मग माझा मूळ प्रश्न निकालात. सोनं जास्त भरणार नाही, कारण दोन्हीकडे काटे आपापल्या जागी लावलेले. पुस्तकही खरं, कारण सोनं लंडनला खरंच जास्त जोराने दाबतं, फक्त भाव त्या जोराचा नाही. आणि धंदा कोणी केला नाही कारण काटा सोबत न्यावा लागतो. बरोबर?

खगोलवेडा
शंभर टक्के. g चा फरक खरोखर ज्याच्या खिशाला लागला ते म्हणजे घड्याळवाले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे १६७२ ला दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला आणि पॅरिसला बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक आखूड करावा लागला. पुढे न्यूटनने यावरून पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याचं मांडलं. लंडनला लावलेलं घड्याळ मुंबईत तसंच टांगलं तर रोज पावणेदोन-दोन मिनिटं मागे पडेल.

कटिंगवाला
म्हणून पूर्वी साहेब लोक ऑफिसात उशिरा यायचे.

शिवाजीपार्क_नाबाद
सगळं झालं असेल तर मुख्य मुद्द्याकडे येऊ. चंद्रावर क्रिकेट.

चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास, तिथे २६ ग्रॅमचा वाटेल. आमच्या ग्रुपमध्ये एक म्हणतो, मग हेल्मेट नको, लागणारच नाही. मी म्हटलं, तू स्लिपमध्ये उभा राहा.

स्नेहल_बाई
तुमचं बरोबर. हाताला झेलताना झोंबतं ते वस्तुमान आणि वेग. १४० च्या वेगाने आलेला चेंडू बोटं तिथेही तितकीच मोडेल. बॅट फिरवायलाही तितकाच जोर लागेल, फक्त खांद्यावर घेऊन उभं राहायला हलकी.

नेमकेपणा
फटका मात्र कुठच्या कुठे. सेकंदाला तीस मीटरने ४५ अंशात उचललेला चेंडू साडेपाचशे मीटरवर पडेल. १९७१ ला अपोलो-१४ च्या शेपर्डने तिथे गोल्फचे दोन चेंडू मारले होते, एका हाताने, त्या जाड पोशाखात.

शिवाजीपार्क_नाबाद
आणि स्विंग?

नेमकेपणा
नाही. स्विंगला हवा लागते. शिवणीवर पडून वळेल तेवढाच.

गोदीकामगार
आणि बोलरचं काय? धावत येईल, थांबेल कसा? पायाला पकड नाही म्हणालात.

नेमकेपणा
काका, हे मस्त काढलंत. सेकंदाला सहा मीटरने धावत आलेला बोलर इथे चेंडू टाकल्यावर अडीच मीटरच्या आत थांबू शकतो. तिथे तेवढ्याच पकडीच्या बुटांनी जवळजवळ चौदा मीटर घसरत जाईल. वीस मीटरच्या खेळपट्टीवर म्हणजे फलंदाजाच्या पुढ्यातच.

वडापाव_फंडा
म्हणजे बोलर चेंडूच्या मागोमाग स्वतःच रनआउट करायला हजर.

परखड
खेळपट्टीच्या धोक्याच्या भागात धावल्याबद्दल अंपायरने आधीच ताकीद दिलेली असेल. नियम चंद्रावरही तेच.